कानात बोटं घालणारा मुलगा : ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ सबटायटल प्रकल्पाच्या नोंदी

गुरुवार, ४ जुलै २०२४

आज अभिनेत्री ईव्हा मेरी सेंट १०० वर्षांच्या झाल्या. त्यांचा, आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिग्दर्शित केलेला हेरपट ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ जुलै १९५९ मध्ये आला, म्हणजे सिनेमाला ६५ वर्षं. वाचनालयाच्या चित्रपट गटानं याच निमित्तानं काम हाती घेतलंय : १३६ मिनिटांच्या सिनेमाला मराठी सबटायटल करायची, आणि खेळानंतर अर्धा तास त्यातल्या चुका आणि किस्से क्लिप दाखवून सांगायचे. दाखवण्याची परवानगी आलेली आहे. खेळ ११ ऑगस्टला, इथंच तासगावात.

वाटणी झाली. भाषांतर आणि नोंदी माझ्याकडे. हायस्कूलला इंग्रजी शिकवणाऱ्या ताई प्रत्येक ओळ तपासणार. प्रोजेक्टर आणि आवाज काकांकडे; सांगलीतल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी तीसेक वर्षं ऑपरेटर म्हणून काढली आहेत.

आज फक्त एकदा सलग पाहिला, मध्ये न थांबवता. हा नियम मी मुद्दाम घातला. आधी गोष्टीत बुडून घ्यायचं आणि चुकांकडे नंतर वळायचं.

गोष्ट चार ओळींत, म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना संदर्भ लागेल. रॉजर थॉर्नहिल (कॅरी ग्रँट) हा न्यूयॉर्कचा जाहिरातवाला प्लाझा हॉटेलात बसलाय. तार करायची म्हणून तो हात वर करतो, आणि नेमका त्याच वेळी हॉटेलचा पोऱ्या ‘जॉर्ज कॅप्लन’ नावाच्या माणसाला हाका मारत फिरतोय. पाळतीवर असलेल्या शत्रूच्या हेरांना वाटतं हाच कॅप्लन. ते त्याला उचलून नेतात. कॅप्लन मुळात नाहीच. सरकारी गुप्तहेर खात्यानं खऱ्या हेरावरचं लक्ष उडवायला तो कागदावर तयार केलाय. त्याच्या नावानं खोल्या घेतल्या जातात, खोलीत कपडे ठेवले जातात, आत माणूस नाही. सगळा सिनेमा एका हात वर करण्याच्या चुकीवर उभा आहे.

रविवार, ७ जुलै

नामावली. ती रचणाऱ्या सॉल बास यांच्या हिरव्या पडद्यावर तिरप्या रेघा येतात, त्यांची जाळी होते, आणि जाळीतून काचेची इमारत उगवते, खालची रहदारी तिच्या काचांत. नावं या रेघांवरून लिफ्टसारखी वरखाली सरकतात. नावांना सबटायटल लावायचं नाही असं ठरलं. बर्नार्ड हर्मन यांचं संगीत धावत असताना खाली आणखी अक्षरं नकोत.

दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं की हिचकॉक स्वतः धावत येतात आणि बसचं दार त्यांच्या तोंडावर बंद होतं. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून क्लिपच्या यादीत पहिलं तेच ठेवलं. प्रेक्षक सैलावतील.

शीर्षकावर ताईंशी तासभर बोलणं झालं. होकायंत्राच्या ३२ दिशांत ‘नॉर्थवेस्ट बाय नॉर्थ’ आहे, ‘नॉर्थ बाय वेस्ट’ आहे, पण ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ नाही. आपल्याकडे वायव्य आहे. वायव्य आणि उत्तर यांच्यामधल्या दिशेला रोजच्या बोलण्यात नाव नाही. ताईंनी हॅम्लेटची ओळ काढली. वारा वायव्य-उत्तरेचा असेल तेव्हाच आपण वेडे असतो, असं तो म्हणतो. मी दुसरी बाजू मांडली : थॉर्नहिल शिकागोहून पुढे विमानानं जातो ते नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या, त्या पाटीजवळून तो आणि ‘प्रोफेसर’, म्हणजे गुप्तहेर खात्याचा प्रमुख, चालत जातात. म्हणजे उत्तरेकडे, नॉर्थवेस्टनं. दोन्ही अर्थ प्रेक्षकांना सांगायचे. मराठी नाव द्यायचं नाही.

गुरुवार, ११ जुलै

रेल्वेतला डायनिंग कारचा प्रसंग. न्यूयॉर्क-शिकागो ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ गाडी, समोरासमोर थॉर्नहिल आणि ईव्ह केंडल, म्हणजे सेंट. सबटायटल करताना एक सवय लागते : आवाज बंद करून ओठ पाहायचे, म्हणजे ओळ कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते नेमकं कळतं. आज त्याच सवयीमुळे एक गोष्ट हाती लागली. ईव्ह म्हणते, मी उपाशीपोटी प्रेमाची चर्चा करत नाही. आवाजात ‘चर्चा’ आहे. ओठ मात्र ते म्हणत नाहीत. मूळ ओळ जास्त धीट होती. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ती बदलून नंतर नव्यानं आवाज भरला.

मी तो तुकडा वीसेक वेळा पाहिला. सेंट यांचे ओठ पहिलीच ओळ बोलतात आणि डोळेही पहिल्याच ओळीचे आहेत. आता मराठीत काय लिहायचं? ताईंचं म्हणणं, ऐकू येतं तेच लिहा. माझं म्हणणं, ओठ खरं बोलताहेत. शेवटी ऐकू येणारी ओळ ठेवली आणि ही क्लिप नंतरच्या सत्रात घेतली. ताईंचं बरोबर होतं. आपण सिनेमाची सबटायटल करतोय, तो कसा व्हायला हवा होता त्याची नाही.

त्याच प्रसंगात ईव्ह आपलं वय २६ सांगते. सेंट तेव्हा ३४ वर्षांच्या होत्या. हेही टिपलं, पण चूक म्हणून नाही. नटीनं २६ दिसावं एवढंच काम होतं आणि ती दिसते.

रविवार, १४ जुलै

आजचा दिवस नकाशाचा. सिनेमा एका खिडकीत, नकाशा दुसरीकडे, सकाळी नऊपासून.

ग्लेन कोव्ह. थॉर्नहिलला बळजबरीनं दारू पाजून गाडीत कोंबतात आणि गाडी समुद्राकडच्या उतारावर सोडतात. एका बाजूला सरळ खाली कडा, खाली लाटा. ग्लेन कोव्ह लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावर आहे आणि तिथं असा उभ्या कड्यांचा घाट नाही. तो रस्ता कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचा वाटतो.

शिकागो. ईव्ह फोनवर पत्ता लिहून घेते, कागद फाडून नेते. थॉर्नहिल खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासतो आणि दाबाच्या खुणा पांढऱ्या उमटत जातात : १२१२ नॉर्थ मिशिगन. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण सगळ्यांनी हेच केलंय. मी नकाशावर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूनं उत्तरेला सरकत गेलो. हजाराच्या आसपास, ओक स्ट्रीटला, तो रस्ता संपतो. १२१२ क्रमांकाची जागा तिथं असूच शकत नाही. ज्या कॅप्लनचं अस्तित्व नाही त्याच्या शोधात निघालेला माणूस अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर पोचतो, हे मला फार आवडलं.

इंडियाना. सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. हायवे ४१ वरचा प्रेअरी स्टॉप, दोन्हीकडे सपाट कोरडी जमीन, सुटाबुटात एकटा उभा थॉर्नहिल आणि त्याच्यावर झेपावणारं विमान. इंडियाना मक्याचा मुलूख आहे आणि पडद्यावर दिसते ती भुरी, धुळीची जमीन कॅलिफोर्नियातली, कर्न काउंटीत वॉस्को आणि डेलानोच्या बाजूची. इथं मी थांबलो. ही चूक यादीत घालताना हात अडखळला, कारण तो प्रसंग हिरव्या शेतात झालाच नसता. लपायला जागा नाही, यावरच सगळी भीती उभी आहे. मक्याचा एक तुकडा आहे, तोही शेवटी, आणि विमान तिथंही औषध सोडून त्याला बाहेर काढतं.

सबटायटलला इथं काम थोडं, पण जी एक ओळ आहे ती महत्त्वाची. बसची वाट पाहणारा माणूस लांबचं विमान पाहून म्हणतो की पीक नाही तिथं फवारणी चाललीय. पहिल्या खर्ड्यात मी ‘फवारणी’च लिहिलं होतं. पण आमच्याकडे द्राक्षबागेत कुणी फवारणी करत नाही, औषध मारतात. ब्लोअरनं मारतात, पंपानं मारतात. ओळ अशी झाली : ‘नवलच आहे. पीक नाही तिथं औषध मारतंय ते विमान.’ बस येते, माणूस जातो, विमान वळतं. ताईंनी ओळ मोठ्यानं वाचली आणि पुढं काहीच न बोलता बरोबरची खूण केली.

संगीत या सगळ्या वेळात अजिबात नाही. इंजिन, टायर, वारा. हर्मन येतात ते थेट विमान टँकरवर आदळल्यावर.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. घरी उपवासाचं, दुपारी वीज नाही. लॅपटॉपच्या बॅटरीवर लिलावाच्या प्रसंगातल्या ४० ओळी झाल्या. बोली लावण्याची भाषा आपल्याकडे तयार आहे : सौद्यात बेदाणा विकताना बसलेल्या माणसाला ‘एकदा, दोनदा’ नव्यानं शिकवावं लागत नाही. काम झरझर झालं.

शनिवार, २० जुलै

काकांच्या घरी. मला एक शंका होती : इतक्या बारीक गोष्टी आज आपल्याला दिसतात, तेव्हाच्या लोकांना का दिसल्या नसतील?

काकांनी कपाटातून फिल्मचा हातभर तुकडा काढला आणि खिडकीकडे धरला. ‘हे बघ, प्रत्येक फ्रेमला बाजूला चार भोकं. फिल्म उभी जाते, वरून खाली. तुझा सिनेमा व्हिस्टाव्हिजनचा ना? त्यात कॅमेऱ्यातून फिल्म आडवी जायची. एका फ्रेमला आठ भोकं. निगेटिव्ह दुपटीहून मोठी.’ थिएटरला यायची ती प्रिंट बहुधा नेहमीचीच, उभी, लहान करून काढलेली. म्हणजे मोठ्या निगेटिव्हमधला बारकावा प्रिंटमध्ये थोडा हरवायचा, आणि आता मूळ निगेटिव्हवरून डिजिटल केलेल्या प्रतीत तो परत दिसतो.

‘काका, पण लोकांनी पाहिलं तरी असेल की.’

‘पाहिलं असेल. पण थांबवणार कोण? फिल्म अडकून अर्धं मिनिट पडदा पांढरा झाला तर पब्लिक शिट्ट्या मारून छप्पर डोक्यावर घ्यायचं. मी स्वतः एकेक सिनेमा शंभर वेळा पाहिलाय, पण माझं लक्ष कुठं? उजव्या कोपऱ्यात.’

रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो : दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका : मशीन बदलायचं. हे चुकलं तर सिनेमा तुटतो. आपण सगळे नटांचे चेहरे पाहत असताना एक माणूस वर केबिनमध्ये कोपऱ्यातल्या ठिपक्याची वाट पाहत उभा असायचा. मी हे टिपून घेताना काका म्हणाले, ‘याला कशाला लिहितोस?’ मी लिहिलं.

रविवार, २१ जुलै

तो मुलगा.

पावणेदोन तास उलटून गेल्यावर माउंट रशमोरच्या पायथ्याचा कॅफेटेरिया. थॉर्नहिल, ईव्ह आणि जेम्स मेसन यांनी केलेला व्हॅनडॅम, शत्रूच्या हेरांचा म्होरक्या. बाचाबाची होते, ईव्ह पर्समधून पिस्तूल काढते आणि थॉर्नहिलवर दोन गोळ्या झाडते. मागच्या टेबलावर निळ्या शर्टातला एक लहान मुलगा बसलाय. पिस्तूल अजून बोललेलं नाही, मागच्या कुणाला काही कळण्याचं कारण नाही, आणि तो शांतपणे दोन्ही हात वर नेतो आणि दोन्ही कानांत बोटं घालतो. मग गोळी सुटते.

हेरपटांतली ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध चूक. मी आज ती एकेक फ्रेम पुढं सरकवत पाहिली. मुलगा घाबरलेला नाही. त्याला माहीत आहे. या शॉटच्या आधी किती तालमी झाल्या असतील, किती वेळा ते पिस्तूल वाजलं असेल, ते त्याच्या हातांत दिसतं. चित्रीकरणातलं पिस्तूल नुसत्या बारावर चालतं, गोळी नसते, पण बंद जागेत आवाज कानठळ्या बसवणारा असतो. मोठी माणसं दचकल्याचं नाटक करायला तयार बसली आहेत. त्याचे कान दुखलेत, तो ते वाचवतोय.

आणि आता जे सुचलं ते लिहून ठेवतो, कारण सत्रात हेच मध्यभागी ठेवायचंय. पुढं गोष्टीतच उलगडतं की ईव्हच्या पिस्तुलात खऱ्या गोळ्या नव्हत्याच. तो गोळीबार प्रोफेसरनं ठरवून घडवून आणलेला, व्हॅनडॅमला फसवण्यासाठी, कारण खात्याची खरी हेर ईव्हच आहे. व्हॅनडॅमचा उजवा हात लेनर्ड, म्हणजे मार्टिन लँडाऊ, तेच पिस्तूल व्हॅनडॅमवर झाडून ते सिद्ध करतो. म्हणजे कॅफेटेरियातला सगळा प्रसंग गोष्टीच्या आतही एक नाटक आहे, तालीम झालेलं. अख्ख्या खोलीत ते नाटक आहे हे उघड करणारा एकच जण : हा मुलगा. व्हॅनडॅमनं त्याच्याकडे पाहिलं असतं तर त्याला तिथंच कळलं असतं.

संपादक जॉर्ज टोमासिनी यांना याच सिनेमासाठी ऑस्कर नामांकन होतं. त्यांचं लक्ष सेंट आणि ग्रँट यांच्या चेहऱ्यांवर असणार, जसं काकांचं कोपऱ्यावर. यादीत आजवर ‘चूक’ एवढाच एक रकाना होता. तो मला पुरेनासा झालाय.

शनिवार, २७ जुलै

यादी नव्यानं आखली. आता तीन रकाने : निसटलेलं, अडवलेलं, ठरवलेलं.

‘अडवलेलं’मध्ये पहिलं नाव संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीचं. तिथं कथापटाच्या चित्रीकरणाला परवानगी नव्हती. ग्रँट टॅक्सीतून उतरून इमारतीकडे चालत जातात तो शॉट रस्त्यापलीकडच्या गाडीत लपवलेल्या कॅमेऱ्यानं घेतलाय. हेरपटाच्या लोकांनी खरोखर हेरगिरी करून मिळवलेला तो शॉट. आतलं दालन फोटोंवरून स्टुडिओत उभारलं. खून झाल्यावर थॉर्नहिल बाहेर पळतो ते इमारतीच्या माथ्यावरून सरळ खाली दिसतं, माणूस मुंगीएवढा; ते बरंचसं रंगवलेलं चित्र आहे.

दुसरं नाव माउंट रशमोरचं. १९२७ ते १९४१ या काळात गट्झन बोर्गलम आणि त्यांच्या माणसांनी कोरलेले चार चेहरे, प्रत्येकी ६० फूट उंच. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर मारामारी होणार हे कळल्यावर राष्ट्रीय उद्यान खात्यानं हरकत घेतली. म्हणून चढउतार सगळी एमजीएम स्टुडिओतल्या नकली दगडांवर. प्रॉडक्शन डिझायनर रॉबर्ट बॉयल यांचं काम इथं पाहावं : थॉर्नहिल आणि ईव्ह गालाच्या कडेनं घसरतात तेव्हा कुठला दगड खरा आणि कुठला खोटा हे मला आजही सांगता येत नाही. वरचं व्हॅनडॅमचं घर, फ्रँक लॉइड राइट यांच्या धाटणीचं, दरीवर पुढं आलेलं, तेही कुठंच नाही. काही भाग सेट, काही भाग चित्र. ते पाहायला लोक तिथं जातात आणि माथ्यावर ना घर मिळतं ना धावपट्टी.

तिसऱ्या रकान्यात सेन्सॉरवाली ओळ घातली होती, ती ताईंनी दुसऱ्यात हलवली. तिसऱ्यात कर्न काउंटीची जमीन राहिली.

शुक्रवार, २ ऑगस्ट

ताईंबरोबर शेवटची तपासणी.

थॉर्नहिलची आई झालेल्या जेसी रॉइस लँडिस १८९६ च्या, कॅरी ग्रँट १९०४ चे. आई मुलापेक्षा सात वर्षं आणि काही महिन्यांनी मोठी. पडद्यावर खटकत नाही, कारण त्या लिफ्टमध्ये मारेकऱ्यांनाच हसत विचारतात की तुम्ही खरंच माझ्या मुलाला मारणार आहात का, आणि सगळी लिफ्ट हसते. असा खट्याळपणा आईलाच जमतो. ‘मारणार आहात’ की ‘जीव घेणार आहात’ यावर वेळ गेला. ‘मारणार’ ठेवलं, मराठीत मारणं चापटीपासून खुनापर्यंत जातं, आणि त्या ओळीला नेमकं तेवढंच लांब अंतर हवंय.

मग काडेपेटी. थॉर्नहिलच्या आगपाकिटावर आर. ओ. टी. ही आद्याक्षरं. इंग्रजीत जोडून वाचली तर ‘सडणं’. ओ म्हणजे काय, असं ईव्ह विचारते. काही नाही, असं तो सांगतो. मराठीत हा खेळ आणायचा सहा प्रकारे प्रयत्न केला आणि सोडला. अक्षरं तशीच ठेवली, कारण ती अक्षरंच शेवटी तिला वाचवतात. व्हॅनडॅमच्या घरात तो वरच्या सज्जातून तेच पाकीट आत निरोप लिहून खाली फेकतो. लेनर्डला ते जमिनीवर दिसतं, तो उचलतो, आणि न उघडता समोरच्या टेबलावर ठेवून देतो. पटकथाकार अर्नेस्ट लेमन यांनी पाऊण तासावर पेरलेला दाणा इथं उगवतो. अक्षरं बदलली असती तर ईव्हनं पाकीट ओळखलंच नसतं.

बुधवार, ७ ऑगस्ट

सभागृहात आवाजाची चाचणी. काकांनी मुद्दाम कॅफेटेरियाचाच प्रसंग लावला. पहिल्या गोळीला मागच्या खिडकीची काच थरथरली. आवाज थोडा कमी केला. सबटायटल भिंतीवर नीट वाचता येतात, फक्त बर्फासारख्या पांढऱ्या शर्टांवर पांढरी अक्षरं बुडत होती, तिथं काळी कड दिली. एकूण ओळींपैकी ३१ ठिकाणी वेळ थोडी पुढंमागं केली.

रविवार, ११ ऑगस्ट

झालं.

खुर्च्या भरल्या, पुढं सतरंजीवर मुलं. विमानाच्या प्रसंगात ‘औषध मारतंय’ ही ओळ आली तेव्हा मागं बसलेल्या द्राक्षवाल्यांतला एक जण ‘आता मेला’ असं मोठ्यानं म्हणाला, आणि पुढची सात-आठ मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही.

कॅफेटेरियाचा प्रसंग येऊन गेला. मुलाकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. काकांनी केबिनमधून, म्हणजे मागच्या टेबलापासून, माझ्याकडे पाहून मान हलवली.

सत्रात रकान्यांच्या क्रमानं क्लिप दाखवल्या. ओठांच्या ओळीला म्हाताऱ्या मंडळींनी जास्त दाद दिली. १२१२ नंबर ऐकून एकानं पोस्टमनची बाजू घेतली. शेवटी कॅफेटेरिया. आधी काहीच न सांगता क्लिप लावली आणि विचारलं, काय दिसलं? पिस्तूल, रक्त, बाईंचा चेहरा. मग मी पडद्याजवळ जाऊन मागच्या टेबलावर बोट ठेवलं आणि म्हटलं, आता फक्त याच्याकडे बघा.

काकांनी क्लिप पुन्हा सुरू केली. ईव्हचा हात पर्समध्ये गेला. निळ्या शर्टातल्या मुलानं हात वर नेले. आणि सतरंजीवरच्या पहिल्या रांगेतल्या मुलांनी, कुणी न सांगता, एकामागून एक आपल्या कानांत बोटं घातली. मग गोळी सुटली.